आधीच केलेली खूण

लस टोचायच्या दिवसाचं रजिस्टर मी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवायचे. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. प्रशिक्षणात तर दर वेळी उलटंच सांगायचे. पण उपकेंद्राच्या त्या एवढ्याशा खोलीत तीस-चाळीस बायका, त्यांच्या कडेवरची रडणारी पोरं, दारात खोकणारे म्हातारे आणि मी एकटी. एका हातात सुई, एका हातात पेन आणि पोराचा दंड धरायला तिसरा हात कुठून आणायचा? म्हणून यादी पुढ्यात घ्यायची, नावं लिहायची, नावापुढं बरोबरची खूण करून टाकायची. कुणाचं कार्ड माझ्याकडं असलं तर त्यावरही. जी आली नाही तिच्या खुणेवर दुसऱ्या दिवशी पांढरी शाई फासायची की झालं. वीसेक वर्षं हे असंच चाललं होतं. माझं रजिस्टर बघून एकदा वरच्या साहेबांनी चार लोकांत माझं कौतुकही केलं होतं, आणि मीही मान खाली घालून ते घेतलं होतं.

माझी पहिली नेमणूक कोयनानगरची. तिथं भूकंपानं मांडणीवरची भांडी वाजली की सगळे बाहेर पळायचे, कुणी पोर उचलून, कुणी दागिन्यांची पिशवी घेऊन. मी लसीचा डबा घेऊन पळायचे. सगळे हसायचे. पुढं बदली होऊन सासरच्याच भागात, कोरेगावपासून थोडं आत असलेल्या उपकेंद्रावर आले, आणि तिथंच राहिले. मालक गेले, मुलगा फौजेत भरती झाला, तरी माझा डबा काही सुटला नाही.

फ्लूची लस ही त्यातली सगळ्यात अवघड. पोलिओचं लोकांना पटतं, धनुर्वाताचं पटतं. ही दर वर्षी नव्यानं घ्यावी लागते, तिथंच सगळं अडतं. पावसाळा लागला की मी घरोघर जायचे आणि घरोघर तेच.

"बाई, गेल्या साली टोचलं की. यंदा परत कशाला?"

"गेल्या साली जेवला होतास न्हवं? मग यंदा कशाला जेवतोस रं?"

"आवं, पर मला फ्लू कुटं हाय? नुसता खोकला हाय."

"म्हणूनच म्हणते, व्हायच्या आधी घे."

डोस मोजकेच यायचे. गरोदर बायका, साखरेचे आणि दम्याचे पेशंट, आणि आम्ही कर्मचारी, एवढ्यांपुरतेच. त्यातही कर्मचाऱ्यांनी आपला डोस मागं ठेवायचा आणि आधी गावाला द्यायचा, अशी आमच्यात न बोलता पडलेली रीत. मी तर दर वर्षी सगळ्यात शेवटी घ्यायचे, आणि बऱ्याचदा घ्यायचेच नाही.

त्या पावसाळ्यात माझी सून सातव्या महिन्यात होती. पहिलटकरीण. मुलगा वर बर्फात, त्याचा फोन कधी लागायचा, कधी नाही. घरात आम्ही दोघीच, आणि भिंतीला भिंत लागून थोरल्या जाऊबाईंचं घर. सून सांगलीची, विश्रामबागेत वाढलेली, कॉमर्स शिकलेली. आमच्याकडं आली तेव्हा तिला शेणाचा वास सहन व्हायचा नाही. वर्षभरात जाऊबाईंच्या म्हशीला नाव ठेवून मोकळी झाली. तोंडानं फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही. मला ती आत्या म्हणायची, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. सातव्यात ओटी भरायची आणि पाठवायचं. विहीणबाईंनी गुरुवार धरला. आणि गुरुवार हाच आमच्या लसीकरणाचा वार. मी म्हटलं, दिवस बदला. तर म्हणाल्या, "ताई, पुढं महिनाभर चांगला दिवसच नाही, आणि गुरुवारी दीडच्या आत निघालो तरच. दीडला राहुकाळ लागतो." सांगलीकडं राहुकाळ आमच्यापेक्षा जरा जास्तच पाळतात. मी फोन ठेवून हसले. म्हटलं ठीक आहे, बारा-साडेबारापर्यंत सगळं उरकून घरी येईन, येताना हिचा डोस डब्यातून घेऊन येईन, घरीच टोचेन. पोटुशी पोरीला कशाला रांगेत बसवायचं?

बुधवारी संध्याकाळी रजिस्टर भरत बसले. सून समोर शेंगा फोडत होती.

"आत्या, तुम्ही मला टोचायला विसरणार बघा," ती म्हणाली. "सगळ्या गावाला टोचाल आणि मीच राहीन."

"तुझं तर आधीच लिहून ठेवलंय," मी म्हटलं, आणि टीव्हीखालच्या कप्प्यातलं तिचं कार्ड काढून फ्लूच्या लसीपुढं बरोबरची खूण केली, गुरुवारची तारीख घातली, सही केली. तिच्यादेखत. कार्ड तिच्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात मीच ठेवलं, म्हणजे घाईत राहायला नको.

गुरुवारी सकाळी आरोग्य केंद्राचा माणूस मोटारसायकलवरून लसीचा डबा देऊन गेला. पाऊस भुरभुरत होता. बायका वेळेवर आल्या, काम झपाझप चाललं. बाराला जेमतेम पाच-सहा जणी उरल्या होत्या. तेवढ्यात वाडीवरच्या एका बाईला टोचलं आणि ती उठता उठता धपकन खाली बसली. डोळे पांढरे केले. तिला आडवी केली, पाय वर केले, तोंडावर पाणी मारलं. शुद्धीवर आल्यावर म्हणते, "गुरवारचा उपास हाय, सकाळपास्नं पोटात काय न्हाई." आता काय बोलायचं? पोटात बाळ आणि गुरुवारचा कडकडीत उपास! तिला चहा करून पाजला, शेंगदाण्याचा लाडू आणवला. सोबत कुणी नाही, वाडी लांब. तिला सोडून निघणं शक्यच नव्हतं. अर्धा तास डोळ्यांसमोर बसवायचा नियम आहे, आणि तो नियम मी कधी मोडला नाही. बाकीचे किती मोडले ते वर सांगितलंच आहे.

एक वाजता जाऊबाईंना फोन केला.

"आवं, कवा येताय? पाव्हणं लय घाई कराय लागल्यात."

"ओटी झाली का?"

"व्हय, भरली मीच. जेवणं बी झाली. तुमचीच वाट बगत्यात."

"पाच-दहा मिनिटं थांबवा. आलेच."

एक वीसला निघाले. डबा स्कूटीच्या पुढ्यात ठेवला. त्यात बर्फाच्या चार पट्ट्यांच्या मध्ये शेवटचं इंजेक्शन होतं, तिचं. चिखलात गाडी दोनदा घसरली. सोसायटीच्या गोडाऊनपाशी वळले तर समोरून आमच्या दारातून पांढरी गाडी निघून पलीकडच्या वळणाला लागत होती. मागच्या काचेतून तिचा हिरवा पदर आणि केसातला गजरा दिसला. तीस-चाळीस पावलांवर. गाडी चिखलामुळं हळूच चालली होती. एक हाक मारली असती तर ड्रायव्हरनं ब्रेक दाबला असता.

मी स्कूटी थांबवली. हात वर केला. तोंड उघडलं.

आणि हाक मारली नाही. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये. ते माझ्या हाडात होतं. आईनं सांगितलेलं, सासूनं सांगितलेलं, मुलगा भरतीला निघाला तेव्हा त्याचा डबा घरात विसरला तरी मी हाक मारली नव्हती, मागं धावत एसटी स्टँडवर नेऊन दिला होता. ओटी भरून, कुंकू लावून, पहिल्या बाळंतपणाला निघालेली पोर. तिला मी मागून हाक कशी मारू? दारात जाऊबाई, शेजारणी उभ्या, सगळ्या माझ्याकडं बघत. मी तोंड मिटलं. गाडी वळली.

वीस वर्षं मी बायकांना सांगत आले, ग्रहणात भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटत नाही, कावीळ मंत्रानं उतरत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

मोबाईल हातात होता. फोन करून म्हणता आलं असतं, कोरेगावात थांबा, मी येते. पण थांबवायचं म्हणजे राहुकाळात अडकवायचं. विहीणबाईंना काय वाटेल? आणि मनात म्हटलं, सांगलीत कुठल्याही दवाखान्यात मिळेल ही लस. संध्याकाळी सांगू.

घरी येऊन खाटेवर बसले. डबा संध्याकाळी परत जायचा होता, उरलेल्या डोसांच्या हिशोबासकट. रजिस्टरात तिच्या नावापुढं खूण. ती पांढऱ्या शाईनं मिटवता आली असती. पण कार्ड सांगलीच्या वाटेला लागलेलं, त्यावरची खूण कशी मिटवू? रजिस्टर एक सांगणार आणि कार्ड दुसरं. मी बराच वेळ त्या इंजेक्शनकडं बघत बसले. मग बाही वर केली आणि ते स्वतःलाच टोचून घेतलं. त्या वर्षी माझा डोस राहिलाच होता, कर्मचाऱ्यांनी घ्यावा असं पत्रकही होतं. सगळं कागदोपत्री जुळलं. दंड दुखलासुद्धा नाही.

संध्याकाळी फोन केला. विहीणबाईंनी उचलला. प्रवास चांगला झाला, पोरगी झोपलीय, तुमची वाट बघून बघून निघालो, रागावू नका. इतकं गोड बोलल्या की मला ते वाक्य जुळवताच येईना. काय सांगू? कार्डावर सही आहे पण सुई टोचलेली नाही? नर्सबाईंची सून आणि नर्सबाईंनी खोटं लिहिलं? म्हटलं, उद्या सांगते. उद्या दवाखान्यात आढावा बैठक होती. परवा जाऊबाईंची म्हैस व्यायली. मग रोज सकाळी आठवायचं आणि रोज संध्याकाळी मी म्हणायचे, आता सांगितलं तर विचारतील, इतके दिवस का नाही सांगितलं? जेवढा उशीर होत गेला तेवढी माझी जीभ जड होत गेली.

अकराव्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. पोरीला ताप आहे, अंग दुखतंय, खोकला आहे. जवळच्या डॉक्टरांकडं नेऊन आणलं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"कार्ड बघितलं त्यांनी. म्हणाले, फ्लूची लस झालेली आहे, साधा व्हायरल असेल, दोन दिवस तापाच्या गोळ्या देऊन बघू. ताई, तुमचे उपकार बघा. तुम्ही वेळेवर टोचलंत म्हणून. नाहीतर सध्या इकडं काय साथ चाललीय म्हणून सांगू."

हा तो क्षण. पुढचं सगळं नंतरचं. त्या वेळी मी चुलीपुढं बसले होते, तव्यावर भाकरी होती, ती करपली तरी मला कळलं नाही. मला माहीत होतं, पोटुशी बाईला ताप-खोकला म्हटला की फ्लूची गोळी पहिल्या दोन दिवसांत सुरू करायची असते. मी हे पन्नास वेळा ऐकलंय, पन्नास जणींना सांगितलंय. लस घेतलेल्यालाही फ्लू होऊ शकतो हे डॉक्टरला माहीत असतंच, पण सही-शिक्क्याची खूण समोर दिसली की माणूस जरा सैल होतो. मीही झाले असते.

"तरीपण," मी म्हटलं, "त्यांना एकदा फ्लूच्या गोळीचं विचारा."

"विचारते की. पण लस झालीय ना आता."

"हं," मी म्हटलं.

नुसतं हं. एवढ्या मोठ्या खोटेपणाला केवढासा शब्द पुरला! लाज वाटली म्हणून पोरीचा जीव टांगणीला लावला मी. लाजेला दुसरं नाव द्यायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे, पण ती लाजच होती.

दोन दिवसांनी परत फोन. या वेळी विहीणबाई रडत होत्या. श्वास घेता येईना, मोठ्या दवाखान्यात आणलंय, आत घेतलंय. मी कोरेगाव स्टेशनवर जाऊन मिळेल त्या गाडीत बसले. सांगलीपर्यंतची ती रेल्वे मला सरता सरेना. समोरच्या बाकावर एक पोर शिंकत होतं आणि मी त्याच्याकडं बघून विचार करत होते, माझ्या दंडात लस आहे, मला काही होणार नाही. मला काही होणार नाही, हा विचार एवढा किळसवाणा असू शकतो हे त्या दिवशी कळलं.

दवाखान्यात पोचले तेव्हा अकरा वाजले असतील सकाळचे. विहीणबाई अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर बसल्या होत्या. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात पोरीचं कार्ड. मला बघताच त्यांनी माझा हात घट्ट धरला. काचेतून पोरगी दिसली. तोंडावर मास्क, छाती धाप धाप वरखाली होत होती, पोट चादरीखाली तेवढंच उंच. हातातल्या हिरव्या बांगड्या काढून कुणीतरी उशीपाशी कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या.

एक शिकाऊ डॉक्टर मुलगी कागद घेऊन आली. कितवा महिना, ताप कधीपासून, आधीचा काही आजार. मग विचारलं, "फ्लूची लस?"

"झालीय," विहीणबाई म्हणाल्या. "यांनीच दिली. सासूबाई नर्स आहेत ना." आणि ते सांगताना, तेवढ्या रडण्यातही, त्यांच्या आवाजात अभिमान होता.

त्या मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. होकारार्थी. दुसऱ्यांदा.

तिनं लिहून घेतलं. थोड्या वेळानं मोठे डॉक्टर आले, आत जाऊन बराच वेळ थांबले, बाहेर आले. घाईत होते, पण नीट बोलले. म्हणाले, "छातीत बरंच पसरलंय. घशाचा नमुना पाठवलाय, उद्यापर्यंत कळेल. लस झालेली आहे, तेव्हा आपण दुसरी कारणंही बघतोय. ऑक्सिजन कमी पडला तर बाळाचाही निर्णय घ्यावा लागेल." एवढं सांगून ते वळले आणि जिन्याकडं चालू लागले.

त्यांची पाठ माझ्याकडं होती. तीस-चाळीस पावलं तो बोळ असेल. मी गोडाऊनपाशी उभी होते तेवढंच अंतर. हात माझा विहीणबाईंच्या हातात. आणि मला कळलं की आता तोंड मिटलं तर हे आयुष्यभर मिटलेलंच राहील.

"डॉक्टर!" मी ओरडले. "ओ डॉक्टर, थांबा!"

एवढ्या मोठ्यानं की बोळातली सगळी माणसं वळली. ते थांबले. मी बसल्या जागेवरूनच बोलले.

"तिला लस दिलेली नाही. खूण मी आदल्या दिवशी केली होती. टोचलंच नाही तिला. ते इंजेक्शन मी घेतलं, मी."

डॉक्टर परत आले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "ताप येऊन नक्की किती दिवस झाले?"

"आज चौथा."

"बरं," म्हणाले, आणि आत वळून त्या शिकाऊ मुलीला हाक मारली. रिपोर्टची वाट न बघता फ्लूचं औषध नळीवाटे लगेच सुरू करा, असं सांगताना मला ऐकू आलं.

विहीणबाईंनी माझा हात सोडला नव्हता. कदाचित त्यांना समजायला वेळ लागला. मग त्यांनी एकेक बोट सोडवलं, पिशवी छातीशी धरली आणि बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. त्या दिवसापासून आजतागायत त्या मला ताई म्हणालेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. फ्लूच होता. तिसऱ्या दिवशी दुपारी बाळाचे ठोके थांबले. मुलगी होती. मी तिला पाहिलं. माझ्या हातून एवढी बाळं जन्माला आली, पण त्या एका बाळाला हात लावायला मला कुणी सांगितलं नाही आणि मीही मागितलं नाही. सूनबाई मशीनवर होती, तिला काही माहीत नव्हतं.

मुलाचा फोन त्याच दुपारी लागला. आवाज तुटत होता.

"आई, तू तिला टोचलं होतंस ना?"

"न्हाई रं बाळा," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं, राहुकाळापासून ते माझ्या दंडापर्यंत. मधूनमधून लाइन जात होती, काय पोचलं आणि काय नाही देव जाणे.

"ठेवतो," तो म्हणाला.

सून वाचली. आठ-नऊ दिवसांनी मशीन निघालं, महिनाभरानं माहेरी घरी गेली. फुप्फुसं अजून चढाला दमतात. मुलगा रजेवर आला, थेट सांगलीला उतरला, तिथूनच परत गेला.

मी आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरसाहेबांपुढं रजिस्टर ठेवलं आणि त्या नावापुढची खूण तांबड्या पेननं खोडली. ते म्हणाले, "बाई, आता खोडून काय होणार?" म्हटलं, काही होणार नाही, पण खोटं आहे ते. मग लेखी खुलासा, मेमो, एक पगारवाढ बंद. ते सगळं झालं. शिक्षा कमी आहे असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. नोकरी सोडायचा अर्जही लिहिला होता. जाऊबाईंनी तो चुलीत घातला. म्हणाल्या, "आता सोडून काय उजेड पाडणार? जा, बाकीच्यांना तरी नीट टोचा."

चार महिन्यांनी सून सासरी आली. मला वाटलं होतं, येणारच नाही. मी दारात भाकरतुकडा ओवाळायला उभी राहिले आणि तांब्यातलं पाणी तिच्या पायांवर सांडलं. तिला सगळं माहीत होतं, आईनं सांगितलेलं, नवऱ्यानं सांगितलेलं. घरात ती पहिल्यासारखीच वागायची. चहा द्यायची, गोळ्यांची आठवण करायची, आत्या म्हणायची. फक्त चेष्टा करायची बंद झाली. पूर्वी भांडायची, आता भांडत नव्हती. कितीदा वाटलं, भांड गं बाई, माझ्या अंगावर धावून ये. रात्रंदिवस एका छपराखाली राहून, तुम्ही मला टोचलं नाही, हे एक वाक्य तिनं कधी उच्चारलं नाही, आणि मलाही ते काढायचं धाडस झालं नाही.

दोन पावसाळे गेले. मी गुरुवारी गुरुवारी टोचत राहिले. रजिस्टर आता कोरं घेऊन जाते. एकेक टोचायचं, सुई डब्यात टाकायची, मग पेन उचलायचं. वेळ दुप्पट लागतो. बायका वैतागतात. "आवं बाई, आदी कसं झटाझटा व्हायाचं," म्हणतात. मी ऐकून घेते.

यंदाच्या पावसाळ्यात सून चौथ्या महिन्यात आहे. घरात मला आनंद दाखवायची हिंमत होत नव्हती, म्हणून गप्प होते. लस आली त्या गुरुवारी सकाळी मी तिला म्हटलं, "डोस घरी घेऊन येऊ का?" ती भांडी घासत होती. "नको," म्हणाली, एवढंच. मला वाटलं, घेणारच नाही ती माझ्या हातून. कोरेगावात दुसरीकडं जाईल. जावंच तिनं, असंही वाटलं.

अकराच्या सुमारास मान वर केली तर ती रांगेत बसली होती. वाडीवरच्या बायकांच्या मध्ये, नवव्या की दहाव्या नंबरला. एका घरातून निघालो होतो आम्ही, पण ती माझ्यामागून चालत आली होती. गावातल्या बायका गप्प झाल्या. सगळ्यांना सगळं माहीत आहे, गावच ते.

समोर येऊन स्टुलावर बसली. डावी बाही वर केली. मी सवयीनं कार्डासाठी हात पुढं केला. तिनं कार्ड दिलं नाही. ते मांडीवर ठेवलं, त्यावर उजवा तळवा दाबून धरला आणि माझ्या डोळ्यांत बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा असं सरळ बघितलं तिनं.

"आधी टोचा, आत्या," ती म्हणाली. "मग लिहा."